हायस्कूलचं बेसबॉल ग्राउंड: मराठी आईबाबांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मार्च उजाडला की माझा फोन वाजायला लागतो. कुणाचा तरी मुलगा हायस्कूलच्या टीममध्ये सिलेक्ट झालेला असतो, घरात आनंद असतो, आणि आईबाबा दोघंही क्रिकेटवर वाढलेले, त्यामुळे ग्राउंडवर कुठून आत जायचं, कुठं बसायचं, कशाला हात लावायचा नाही हे काहीच माहीत नसतं आणि मुलाला विचारावं तर तो म्हणतो "आई प्लीज, तू येऊच नको". माझा मुलगा नववीपासून खेळतोय, आता अकरावीत आहे, सेकंड बेसला उभा राहतो. पहिलं अख्खं वर्ष मी पार्किंगमध्ये गाडीत बसून मॅच संपायची वाट बघितली. ते वर्ष आता परत मिळणार नाही याचं मला खरंच वाईट वाटतं. म्हणून सगळे जे जे विचारतात ते एकदाच नीट लिहून काढलंय.

हे नेमकं कुठल्या ग्राउंडबद्दल आहे?

अमेरिकेत, न्यू जर्सीच्या मधल्या भागातल्या (सेंट्रल जर्सी) पब्लिक हायस्कूलच्या मागं असतं ते साधं ग्राउंड. शाळेचं नाव देत नाही कारण एडिसन असो, प्लेन्सबरो असो, साउथ ब्रन्सविक असो, मांडणी साधारण हीच असते. पार्किंग, मग कुंपण, मग ब्लीचर्स, म्हणजे बसायची पायऱ्या-पायऱ्यांची बाकं, आणि त्यापुढं खेळ. मार्चच्या मध्याला ट्रायआउट, म्हणजे टीमची निवड, एप्रिलच्या सुरुवातीला मॅचेस, आणि टीम स्टेट टुर्नामेंटमध्ये पुढं गेली तर जूनपर्यंत. दुसऱ्या राज्यात असाल तर तारखा बदलतील, मापं तीच राहतील.

ग्राउंड असं कोपऱ्यातून सुरू का होतं? आपल्यासारखं गोल का नाही?

क्रिकेटमध्ये पिच मधोमध असतं आणि बॅट्समन मागं, पुढं, कुठंही मारू शकतो. इथं बॅटर कोपऱ्यात उभा असतो, तो कोपरा म्हणजे होम प्लेट, आणि तिथून दोन पांढऱ्या रेषा काटकोनात निघून थेट कुंपणापर्यंत जातात. रेषांच्या आत पडला तो बॉल फेअर, बाहेर पडला तो फाउल. सगळा आकार हातपंख्यासारखा दिसतो. आणि चार बेसेसचा, म्हणजे रन काढताना जिथं पाय टेकवत जायचं त्या चार जागांचा, जो चौरस आहे तो होम प्लेटकडून बघितला की टोकावर उभा, पत्त्यातल्या चौकटसारखा दिसतो, म्हणून त्याला डायमंड म्हणतात. माझे सासरे साताऱ्याहून आले होते तेव्हा पहिला प्रश्न त्यांनी हाच विचारला होता, मी पेपर नॅपकिनवर चौकट काढून दाखवली आणि पुढच्या पाच मिनिटांत त्यांना निम्मा खेळ कळला.

मापं सांगा ना जरा.

एका बेसपासून दुसरा बेस ९० फूट. होम प्लेटपासून सेकंड बेस सरळ आडवा मोजला तर १२७ फूट आणि वर साधारण सव्वातीन इंच. पिचर, म्हणजे बॉल टाकणारा, ज्या पांढऱ्या पट्टीवर पाय ठेवतो ते रबर, २४ इंच लांब आणि ६ इंच रुंद, तिथून होम प्लेट ६० फूट ६ इंच. आपली खेळपट्टी स्टंपपासून स्टंपपर्यंत ६६ फूट असते, म्हणजे इथं अंतर कमीच आहे आणि बॉल टप्पा न पडता थेट येतो. बॉल मात्र आपल्यापेक्षा थोडा हलका, १४२ ते १४९ ग्रॅम, क्रिकेटचा १५६ च्या पुढंच असतो. होम प्लेटची रुंदी १७ इंच.

कुंपणाचं अंतर प्रत्येक शाळेत वेगळं. जेवढी जागा तेवढं. साधारण दोन्ही टोकांना ३०० ते ३३० फूट आणि मधे ३५० ते ४०० च्या दरम्यान. मधल्या कुंपणावर गडद हिरवा किंवा काळा पडदा असतो तो जाहिरातीची जागा रिकामी राहिली म्हणून नसतो, पिचरच्या हातातून सुटणारा पांढरा बॉल बॅटरला दिसावा म्हणून असतो, साइटस्क्रीन समजा, फक्त रंग उलटा.

आणि एक गोष्ट सांगायलाच पाहिजे, आपण जिथं राहतो त्या न्यू जर्सीतच, होबोकेनच्या एलिशियन फील्ड्सवर १९ जून १८४६ ला निकरबॉकर बेसबॉल क्लबनं स्वतः लिहून काढलेल्या नियमांनी मॅच झाली होती, आणि नियम लिहिणारेच २३-१ नं हरले. बेसेसमधलं ९० फुटांचं अंतर १८५७ ला पक्कं झालं आणि पिचरचं ६० फूट ६ इंच १८९३ ला. तेव्हापासून ते बदललेलं नाही. मुलाला हे सांगितलं तर तो नक्की ऐकून घेतो, माझ्या मुलानं तरी घेतलं.

मुलगा लिटिल लीगमध्ये भारी खेळायचा, इथं आल्यावर थ्रो पोचतच नाही. काय झालं?

काही झालं नाही, ग्राउंड मोठं झालं. लिटिल लीगच्या, म्हणजे लहान मुलांच्या, ग्राउंडवर बेसेस ६० फुटांवर आणि पिचर ४६ फुटांवर असतो. मधे थोड्या मोठ्या ग्राउंडवर एखाददोन वर्षं खेळला असेल तर फरक कमी जाणवतो, नाहीतर ६० वरून ९० म्हणजे दीडपट. शॉर्टस्टॉपवरून, म्हणजे सेकंड आणि थर्ड बेसच्या मधल्या जागेवरून, मारलेला थ्रो फर्स्ट बेसच्या आधीच टप्पा खातो आणि मूल घरी येऊन गप्प बसतं. आमच्याकडे हे झालंय. तो गप्प बसला की लेक्चर देऊ नका. खांदा आणि पाय भरायला एक हिवाळा लागतो.

मधल्या त्या मातीच्या उंचवट्यावर उभं राहून फोटो काढला तर ओरडतात का?

हो, ओरडतात आणि बरोबर ओरडतात. तो माउंड. १८ फूट व्यासाचा गोल, रबराजवळ १० इंच उंच, आणि रबराच्या पुढं ६ इंचांपासून दर फुटाला १ इंच असा उतार. पिचर मोठं पाऊल टाकून पुढं उतरतो तेव्हा त्याचा पाय कुठं टेकणार हे त्याला डोळे मिटून माहीत असतं. तिथं एखादा खड्डा किंवा उंचवटा आला तर पाय मुरगळतो, गुडघा जातो, नाहीतर त्याला सावरायला जाऊन खांद्यावर ताण येतो. त्यामुळे माउंडची माती बाकीच्या मातीपेक्षा जास्त चिकण असते, ती रोज दुरुस्त करतात, रात्री ओली करून ताडपत्रीखाली झाकतात. आपल्या सँडलच्या टाचेनं पडलेला खड्डा आपल्याला दिसत पण नाही.

फोटो होम प्लेटमागून काढा, जाळीच्या भोकाला मोबाईलची लेन्स लावली की जाळी दिसत नाही.

ती लाल माती कसली? आणि गवत खरं की खोटं?

दोन्ही प्रकार आहेत. आमच्याकडे खरं गवत आणि खरी माती आहे. ती माती म्हणजे वाळू, गाळ आणि चिकणमाती यांचं ठरवून केलेलं मिश्रण, वाळू जास्त. वर भाजलेल्या मातीचे बारीक खडे पसरतात, ते पाणी शोषून घेतात आणि स्लाइड करताना, म्हणजे बेसकडे घसरत जाताना, मुलांची कातडी थोडी कमी सोलवटते. रंग बघून मला पहिल्यांदा तालमीतली तांबडी माती आठवली होती, आणि तुलना अगदीच चुकीची नाही कारण ती पण रोज खणून, ओली करून, सारखी करून ठेवावी लागते.

काही शाळांनी आता सगळं टर्फ केलंय, म्हणजे प्लास्टिकचं गवत आणि माती दिसते ती पण प्लास्टिकच. पाऊस पडून गेल्यावर तासाभरात खेळता येतं हा मोठा फायदा. पण उन्हात ते तापतं, बॉल वेगळा उसळतो, धातूचे स्पाइक्स चालत नाहीत आणि सूर्यफुलाच्या बिया आत न्यायला बंदी असते. मला विचाराल तर माती बरी. मुलांना तिच्यासाठी काहीतरी करावं लागतं.

सूर्यफुलाच्या बियांचा काय संबंध?

डगआउटमध्ये, म्हणजे टीमच्या बसायच्या जागेत, मुलं सतत काहीतरी थुंकत असतात ना, त्या सूर्यफुलाच्या बियांची टरफलं. घाबरू नका, तंबाखू नाही. खऱ्या मातीत ती कुजून जातात किंवा झाडून निघतात, टर्फमध्ये अडकून बसतात.

सकाळी पाऊस होता, दुपारी कडक ऊन, तरी मॅच कॅन्सल. का?

हा राग मला पण यायचा. ऊन वर पडलेलं असतं, खाली पाणी तसंच असतं. मातीत बूट रुतला की खड्डा पडतो, तो वाळला की दगडासारखा, आणि मग पुढच्या मॅचला ग्राउंड बॉल, म्हणजे जमिनीलगत येणारा बॉल, त्याच्यावर आपटून फिल्डरच्या तोंडावर येतो. ओठ फुटलेलं पोर एकदा बघितलं की कॅन्सलचा मेसेज आला तर वाईट वाटत नाही.

एक कळकळीची विनंती. पाणी साचलं असेल तर उत्साहानं झाडू घेऊन ते गवताकडे ढकलू नका. पाण्याबरोबर चांगली माती गवताच्या कडेला जाऊन बसते आणि तिथं बांधासारखी कड तयार होते, त्याला लिप म्हणतात. मग पुढच्या पावसात पाणी बाहेर जायला वाटच राहत नाही आणि बॉल त्या कडेवर आपटून वेडावाकडा उडतो. डबकं स्पंजनं किंवा छोट्या हातपंपानं बादलीत काढायचं, मग वरून ते भाजलेले खडे टाकायचे आणि थांबायचं. थांबायचं हे सगळ्यात अवघड.

रेषा मारतात तो चुना आहे का?

नाही, आणि हा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो. पूर्वी खूप ठिकाणी चुना वापरायचे. आपल्याला माहितीये पानात चुना जास्त झाला की तोंड कसं भाजतं, तोच चुना घामेजलेल्या कातडीवर किंवा डोळ्यात गेला तर काय होईल विचार करा, आणि मुलं त्या रेषेवर पोटावर घसरत येतात. म्हणून आता खडूची पावडर, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट वापरतात. स्वस्त मिळाली म्हणून कुठलीही पांढरी पावडर दुकानातून आणून देऊ नका. पिशवीवर हायड्रेटेड लाइम लिहिलेलं असेल तर ती ग्राउंडवर येताच कामा नये.

डगआउटमध्ये डबा द्यायला गेलं तर चालतं?

मॅच सुरू असताना नाही. डगआउट ही मुलांची आणि कोचची जागा, आत फक्त रोस्टरवरची, म्हणजे टीमच्या यादीतली, माणसं. पाण्याची बाटली विसरली असेल तर इनिंग संपल्यावर कुंपणाच्या बाहेरून द्या. पोह्याचा डबा मॅचनंतर. मी दरवेळी जास्तीचे ठेपले नेते, ते कुणाकुणाच्या हातात जातात आणि डबा कसा रिकामा होतो कळतच नाही.

कुठं बसायचं?

आमच्या ग्राउंडवर फर्स्ट बेसच्या बाजूला बसलं तर दुपारी ऊन डोळ्यांवर येत नाही. ग्राउंड बांधताना शक्यतो होम प्लेटकडून सेकंड बेसकडची दिशा पूर्व-ईशान्य ठेवतात म्हणजे संध्याकाळचं ऊन बॅटरच्या पाठीमागं राहतं, ते मग आउटफिल्डमधल्या पोरांच्या डोळ्यात जातं. पण फर्स्ट बेसच्याच बाजूला चुकलेले थ्रो पण येतात, त्यामुळे जाळीच्या मागं बसा. जाळी जिथं संपते तिथून पुढं खुर्ची टाकून बसायची फार सवय आहे लोकांना, मोकळं वाटतं, मुलगा जवळून दिसतो.

मागच्या मेमध्ये मी तिथंच उभी होते. हातात फोन, भारतातून आईचा व्हॉइस मेसेज ऐकत होते, आणि टंग असा आवाज आला. बॉल माझ्या कानापासून हातभर लांबून गेला, मागच्या कूलरला लागला आणि कूलरच्या झाकणाला तडा गेला. दोन मिनिटं माझे पाय थरथरत होते. तेव्हापासून नियम केलाय की बॉल खेळात असताना फोन खाली आणि लहान मुलं, बाबागाडी, आजी-आजोबा कायम जाळीच्या मागं. हे मी प्रत्येक नवीन आईला हात धरून सांगते. कुणाला आगाऊपणा वाटला तर वाटू दे.

गाडी कुठं लावायची?

फाउल लाइनला लागून जे पार्किंग आहे ते रिकामं दिसतं, त्याला कारण आहे. काच फुटली तर जबाबदारी तुमची अशी पाटी तिथं असते. शाळेच्या इमारतीच्या बाजूला लावा, दोनशे पावलं चाला.

मुलाला बॉल लागला, दुखापत झाली तर तिथं काय सोय असते?

अॅथलेटिक ट्रेनर असतो किंवा असते, आइस, पट्ट्या, सगळं त्यांच्याकडे. पण मला सगळ्यात जास्त बोलायचंय ते एईडीबद्दल, म्हणजे बंद पडलेल्या हृदयाला शॉक देणाऱ्या छोट्या यंत्राबद्दल. छातीवर अगदी नेमक्या क्षणी बॉल आदळला तर धडधाकट मुलाचं हृदय पण बंद पडू शकतं. क्वचित होतं, पण होतं. अशा वेळी ९११ ला फोन, लगेच सीपीआर, म्हणजे छाती दाबत राहणं, आणि काही मिनिटांत एईडीचा शॉक, एवढंच त्याला वाचवतं. न्यू जर्सीत जॅनेट्स लॉ नावाचा कायदा आहे, २०१२ ला झाला, त्यात शाळेला एईडी ठेवणं आणि प्रॅक्टिस, मॅचच्या वेळी तो हाताशी असणं बंधनकारक आहे. त्यामुळे पहिल्याच दिवशी विचारा, "एईडी कुठंय?" लाजू नका. आमच्याकडे होम डगआउटच्या कुंपणाला अडकवलेला असतो, मी दर मॅचला तिथून जाताना एकदा बघून घेते.

कॅचरचा, म्हणजे बॅटरच्या मागं बसून बॉल पकडणाऱ्याचा, चेस्ट प्रोटेक्टर जुना, कुणाचा तरी वापरलेला घेत असाल तर त्यावर नोक्सीचा (NOCSAE, खेळाच्या साहित्याची सुरक्षा-मानकं ठरवणारी संस्था) शिक्का आहे का बघा, २०२० पासून हायस्कूलला तो लागतोच.

गडगडाट झाला की सगळे पळतात का?

हो. वीज दिसली किंवा गडगडाट ऐकू आला की खेळ थांबतो आणि शेवटच्या गडगडाटापासून ३० मिनिटं मोजतात, मधे परत आवाज आला की परत शून्यापासून. डगआउट सुरक्षित नाही, ब्लीचर्स तर धातूचेच असतात. शाळेत जा किंवा काचा बंद करून गाडीत बसा. गाडीत बसायला मी सांगते ती हीच एक वेळ.

आजी-आजोबांना आणलं तर?

जरूर आणा. फेडरल कायद्यामुळे, एडीए १९९० चा, व्हीलचेअर जाईल अशी वाट आणि जागा बऱ्याच ठिकाणी केलेली असते, आमच्याकडे होम प्लेटच्या मागं डांबरी वाट आहे. ब्लीचर्सना पाठ टेकायला काही नसतं म्हणून घडीची खुर्ची न्या. एप्रिलमध्ये पाच वाजल्यानंतर अशी थंडी वाजते की शाल, कानटोपी, थर्मासमधे चहा, सगळं लागतं. सावली जवळजवळ नाही, मेमध्ये छत्री किंवा टोपी.

टॉयलेट कुठं?

सीझनमध्ये एक पोर्टेबल असतं, पार्किंगच्या कोपऱ्यात. शाळेची इमारत साडेचारनंतर बहुतेक वेळा बंद. घरून जाऊन या.

कन्सेशन स्टँडवर व्हेज काही मिळतं का?

सॉफ्ट प्रेट्झेल, नाचोज, पॉपकॉर्न, हॉट चॉकलेट. हॉट डॉगच्याच ग्रिलवर व्हेज बर्गर टाकतात, चालत नसेल तर आधी विचारा. हा स्टँड शाळा चालवत नाही, आईबाबांचा बूस्टर क्लब चालवतो आणि त्या पैशातून बॅटिंग प्रॅक्टिसच्या केजची नवीन जाळी, माउंडची ताडपत्री, बॉलच्या पेट्या येतात. दोन तासांची एक शिफ्ट घ्या. स्लिप देणं, पैसे घेणं, एवढंच काम असतं पण सगळे आईबाबा तिथंच नावानं ओळखायला लागतात.

बॅटिंग केज आणि बुलपेन म्हणजे काय? सुट्टीत वापरता येतात?

केज म्हणजे जाळीचा लांब बोगदा, आत बॅटिंगची प्रॅक्टिस. बॉल टाकणारा इंग्रजी एल अक्षराच्या आकाराच्या जाळीमागं उभा राहतो, ती जाळी नसेल तर बाबांनी हौसेनं समोरून बॉल टाकू नये, अॅल्युमिनियमच्या बॅटवरून परत आलेला बॉल दिसतच नाही. बुलपेन ही पिचरनं अंग गरम करायची जागा, तिथं पण माउंड असतो. दोन्हींना कुलूप असतं. किल्ली कोचकडे. मोठा माणूस हजर नसताना मुलांना आत सोडत नाहीत.

बॅट कुठली घ्यायची ते पण इथंच सांगा.

बीबीसीओआर .५० (BBCOR, बॅटवरून बॉल किती जोरात उसळतो त्याचं माप) असा शिक्का पाहिजे, २०१२ पासून हायस्कूलला हाच नियम आहे. आणि बॅटचे इंच वजा औंस तीनपेक्षा जास्त नको, म्हणजे ३२ इंचाची बॅट असेल तर वजन निदान २९ औंस. मिडल स्कूलची हलकी बॅट अंपायर बाजूला काढून ठेवतो, कितीही महागाची असली तरी. वापरलेली घ्या, सीनियर मुलं विकतात.

स्कोअरबोर्ड वाचता येत नाही.

वरची ओळ गेस्ट, खालची होम, आडवे इनिंग्जचे रकाने. हायस्कूलला ७ इनिंग्ज, ९ नाही. शेवटी आर, एच, ई म्हणजे रन्स, हिट्स, एरर्स. खाली बॉल, स्ट्राइक, आउट. इथं बॉल म्हणजे पिचरनं स्ट्राइकच्या चौकटीबाहेर टाकलेला आणि बॅटरनं सोडून दिलेला चेंडू; असे चार बॉल झाले की बॅटर चालत फर्स्ट बेसला, तीन स्ट्राइक की आउट, तीन आउट की बाजू बदलली. काही बोर्डांवर पिच काउंट पण असतो, पिचरनं एकूण किती चेंडू टाकले त्याचा आकडा. २०१७ पासून प्रत्येक राज्याला हायस्कूलच्या पिचर्ससाठी अशी मर्यादा ठेवावीच लागते, जितके जास्त चेंडू तितके जास्त विश्रांतीचे दिवस. तुमचा मुलगा पिचर असेल तर हा आकडा स्वतः पण लिहून ठेवा, कारण वीकेंडला शाळेबाहेरच्या ट्रॅव्हल टीमकडून टाकलेले चेंडू कोचला दिसत नाहीत आणि कोपर एकच आहे.

भारतातल्या घरच्यांना मॅच बघता येते?

गेमचेंजर अॅपवर टीमनं सुरू केलं असेल तर स्कोअर आणि कधी कधी व्हिडिओ पण. इथं दुपारी चारला मॅच म्हणजे तिकडे रात्रीचा दीड. माझी आई तरी एकदा जागी राहिली.

मुलींचं सॉफ्टबॉल ग्राउंड शेजारीच आहे, ते वेगळं का?

सॉफ्टबॉलचा बॉल मोठा, बेसेस ६० फुटांवर, पिचर ४३ फुटांवर, माउंड नाही आणि इनफिल्ड, म्हणजे बेसेसच्या आसपासचा आतला भाग, पूर्ण मातीचं. पण सोयी सारख्या पाहिजेत. १९७२ च्या टायटल नाइन कायद्यानं सरकारी पैसा घेणाऱ्या शाळेला मुलामुलींमधे भेद करता येत नाही, आणि त्यात डगआउट, लाइट्स, स्कोअरबोर्ड, ग्राउंडची निगा, सगळं येतं. मुलांना नवीन स्कोअरबोर्ड आणि मुलींना हातानं फिरवायच्या पाट्या असं दिसलं तर स्कूल बोर्डाच्या मीटिंगला जाऊन बोला. तुम्हाला मुलगी नसली तरी बोला.

रविवारी आम्ही आउटफिल्डमध्ये टेनिस बॉलनं क्रिकेट खेळलो तर?

परमिशन काढून. स्कूल डिस्ट्रिक्टच्या ऑफिसमध्ये ग्राउंड वापरायचा फॉर्म असतो, इन्शुरन्सचा कागद मागतात, फी असू शकते. सीझनमध्ये देत नाहीत, उन्हाळ्यात मिळू शकते. इनफिल्डच्या मातीवर स्टंप ठोकू नका, पावसानंतर जाऊ नका, कुत्रं आणू नका. कुंपण बुटकं आहे म्हणून उडी मारून गेलेली मंडळी मी बघितलीयेत, आपलीच होती, आणि नंतर कोचनं मला विचारलं तेव्हा मला मान खाली घालावी लागली.

आम्हाला खेळ येत नाही, आम्ही काय मदत करणार?

मार्चमध्ये एका शनिवारी फील्ड डे असतो. सकाळी आठला. मागच्या वर्षी मी पहिल्यांदा गेले, थंडी ५ डिग्री, गवतावर दव आणि कॅनडा गीज नावाच्या रानहंसांनी हिवाळाभर केलेली घाण. कुणी ती उचलत होतं, कुणी जाळीची भोकं दोरीनं शिवत होतं, एका आजोबांनी, कुणाचे होते माहीत नाही, एकट्यानं सगळे ब्लीचर्स घासले.

मला माउंडवर लावलं. पिचरचा पाय जिथं उतरतो तिथं पसरट ताटलीएवढा खड्डा असतो. आधी त्यातली सुटी कोरडी माती पूर्ण झाडून काढायची, मग तळ थोडा खरवडायचा, झारीनं पाणी शिंपडायचं, भिजेल एवढंच, चिखल नको. मग ओलसर चिकणमाती भरायची आणि धुमसानं ठोकायची, धुमसाला माती चिकटू नये म्हणून मधे जुना टॉवेल ठेवायचा. परत पाणी, परत माती, परत ठोकायचं. माझ्या आजीकडे लाकडी चोपणं होतं, अंगणातली जमीन सारवण्याआधी ती अशीच चोपायची, एका हातानं पदर सावरत, आणि तळव्यानं तपासायची. मी पण तळवा टेकवून बघितला. कोच म्हणाले आणखी दोन थर. मी आणखी दोन थर दिले.

तीन आठवड्यांनी पहिल्या होम मॅचला आमचा पिचर, दहावीतलं बारकं पोर, सात इनिंग्ज त्याच जागेवर पाय टाकत राहिलं आणि मी बॉलकडे बघायचं सोडून त्याच्या पायाकडे बघत होते.

खेळ येण्याची गरज नाही. हातमोजे आणा.

मॅच संपून अर्धा तास झाला तरी मुलगा गाडीकडे येत नाही. आत काय चाललेलं असतं?

काम. दोघं बेसेस उपटून शेडमध्ये नेतात आणि जमिनीतल्या लोखंडी खोबण्यांना बुच लावतात, नाहीतर त्यात माती भरते. दोघं होम प्लेटभोवतीचे खड्डे बुजवतात. एकजण जाळीची मॅट गोल गोल ओढत फिरतो, गवताच्या कडेपासून फूटभर आत, म्हणजे लिप होत नाही, आणि कडेची माती दाताळ्यानं हातानं ओढून घेतात. पिचर आणि कॅचर माउंड ठोकतात, पाणी मारतात, ताडपत्री टाकून कडेला वाळूच्या पिशव्या ठेवतात. हे जिंकल्यावर पण आणि हरल्यावर पण. हरल्यावर कुणी बोलत नाही, फक्त दाताळ्यांचा आवाज येतो. घरी स्वतःचं ताट न उचलणारा माझा मुलगा तिथं गुडघ्यावर बसून सेकंड बेसची खोबण बोटानं साफ करत असतो.

गेट तेव्हा उघडंच असतं. गाडी बंद करा आणि आत या, ताडपत्रीचं चौथं टोक धरायला नेहमीच कुणीतरी लागतं.